सौम्य झटका

‘झटका येऊन गेलाय,’ असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तेव्हा भानुदासच्या डोळ्यांसमोर पहिलं काय आलं असेल तर शेतावरचं पिवळं खोकं. लोणी भापकरच्या रानात मक्याच्या चारी अंगांनी तार ओढलेली होती आणि ती तार त्या खोक्याला जोडलेली होती. त्याला सगळे झटका मशीन म्हणत. विकणारा दुकानदारही तेच म्हणे आणि वाट्यानं रान करणारा त्याचा चुलतभाऊ गोकुळही तेच म्हणे. रानडुक्कर तारेला लागलं की त्याला झटका बसतो, ते मरत नाही, केकाटून पळतं आणि पुन्हा त्या वाटेला जात नाही. ‘कशाचा झटका?’ भानुदासनं विचारलं. ‘मेंदूचा. सौम्य आहे,’ बाई म्हणाल्या. वयानं त्या तिशीच्या आतबाहेर असतील. बोलता बोलता त्या चिठ्ठी लिहीत होत्या, आणि ‘येऊन गेलाय’ हे त्यांनी अशा सुरात म्हटलं, जणू आपण घरी नसताना कुणी पाहुणा येऊन गेला असावा. भानुदास बारामतीतल्या एका हायस्कुलात तीस वर्षं लिपिक होता. आलेल्या कागदाची आवक आणि गेलेल्याची जावक लिहिता लिहिता त्याचे केस पांढरे झाले होते. पण हे जे आलं ते कुठून आलं आणि गेलं ते कुठं गेलं, हे त्याला विचारता आलं नाही. त्यानं मान डोलावली. ‘आजच्या आज स्कॅन करून घ्या. हा इशारा समजा. मोठा आठवड्याभरातही येऊ शकतो. आणि एकटे फिरू नका, घरचं कुणीतरी बरोबर घ्या,’ बाई म्हणाल्या. ‘घेतो,’ भानुदास म्हणाला, आणि एकटाच पायऱ्या उतरून एसटी स्टँडच्या गर्दीत शिरला.

तो मंगळवार होता. सकाळी अकराच्या सुमाराला तो शाळेच्या कचेरीत एका मुलीचा दाखला लिहीत बसला होता. मुलगी टेबलासमोर उभी होती, तिची आई दारात. नाव लिहून झालं आणि जन्मतारखेवर येताना पेन बोटांतून सुटलं. त्यात काही विशेष नव्हतं, पेन कुणाचंही सुटतं. त्यानं ते उचललं आणि ते पुन्हा सुटलं. मग खात्री करून घ्यावी म्हणून त्यानं मुलीकडे बघून तिचं नाव मोठ्यानं वाचलं. नाव समोर स्वच्छ दिसत होतं, त्याच्याच अक्षरात, स्वराली. तोंडातून आलं ते मात्र भलतंच, ओल्या मातीच्या ढेकळासारखं काहीतरी. मुलीनं आईकडं पाहिलं. रणजित शिपाई फायली लावत होता, तो हसून म्हणाला, ‘साहेब, आधी चहा घ्या, झोप न्हाय उडली अजून तुमची.’ भानुदासही हसला. हसताना ओठाची उजवी बाजू मागं राहिल्यासारखी त्याला वाटली. पाच मिनिटांत सगळं पूर्ववत झालं. दाखला लिहिला, शिक्का मारला, मुलीचं नाव नीट घेतलं, वर ‘चांगला अभ्यास कर’ असंही म्हणाला. फक्त उजव्या हाताच्या बोटांची टोकं आपली नाहीत असं वाटत राहिलं, आणि तेवढ्यासाठी तो दुपारी डॉक्टरांकडे गेला. बोटाला मलम देतील, अशा बेतानं गेला होता.

भिगवण रस्त्याच्या अलीकडल्या फ्लॅटवर पोचेपर्यंत तो शब्द त्याच्या मागं लागला. आजवर त्यानं तो शेकडो वेळा ऐकला होता. खालच्या मजल्यावरच्या आक्काबाईंच्या नातीला फेफरं आलं तेव्हा सगळे म्हणाले, पोरीला झटका आला. शाळेचे जुने हेडमास्तर स्टेजवरच गेले तेव्हाही झटकाच आला होता, तो हृदयाचा. वायरिंग करताना बसतो तो झटका, निकालानं बसतो तो झटका, आणि काम उरकायचं झालं तर तेही एका झटक्यात. त्याची बायको शालन रोज सकाळी गॅलरीत चादर झटकते, ती धुरळा उडवून पुन्हा घडी घालते. एकच शब्द सगळ्या गावाला पुरतो आणि कुणाची काही अडचण होत नाही, कारण तो नेहमी दुसऱ्याचा असतो. आता तो चिठ्ठीवर त्याच्या नावापुढं लिहिलेला होता. आणि वर ‘सौम्य’. साबण सौम्य असतो, खोकल्याचं औषध सौम्य असतं, लेकीसाठी, साक्षीसाठी, आलेल्या एका स्थळाचं वर्णन तिच्या मावशीनं ‘स्वभावानं अगदी सौम्य’ असं केलं होतं. भीती वाटायची ती त्या सौम्यचीच वाटली. सौम्य म्हणजे ज्याच्यानंतर दुसरं काहीतरी असतं. त्यानं चिठ्ठीची घडी घातली आणि डब्याच्या पिशवीच्या आतल्या कप्प्यात ठेवली, जिथं शालनचा हात जात नाही. शालननं दार उघडलं. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, नुकतीच घरी आलेली, पदर खोचलेला. ‘आज लवकर?’ ती म्हणाली. सांगायचं होतं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. ‘काम नव्हतं,’ तो म्हणाला, आणि शब्द नीट आले याचाच त्याला इतका आनंद झाला की पुढचं राहून गेलं.

त्याच्या लहानपणी या आजाराला झटका म्हणत नसत. वारं म्हणत. लोणी भापकरच्या वस्तीवर त्याचे वडील, भिमा आबा, पन्नाशीचे असताना एका सकाळी दाराच्या उंबऱ्यातच बसले आणि उठलेच नाहीत. ‘अंगावरनं वारं गेलं,’ बाया म्हणाल्या. भानुदास नऊ वर्षांचा होता. त्याच्या डोक्यात ते तसंच्या तसं गेलं. आबा दारात उभे होते, पश्चिमेकडून वारं आलं आणि अंगावरून गेलं; जाताना उजवी बाजू घेऊन गेलं. लोणीच्या माळावर वाऱ्याला काय तोटा. आषाढात ते पत्रे उचलतं, तोंडात माती घालतं. त्या वर्षापासून भानुदास दार लावून घ्यायला लागला. वारं सुटलं की तो धावत घरी यायचा, दाराला गोणपाट लावायचा, गोणपाटावर दगड ठेवायचा आणि आबांच्या डाव्या अंगाला, म्हणजे राहिलेल्या अंगाला, पाठ टेकून बसायचा. आई, चंद्राबाई, म्हणायची, ‘आरं, जीव गुदमरतोय, उघड की.’ तो उघडायचा नाही. आपण त्या दिवशी दार लावलं असतं तर, हे त्यानं कुणाला सांगितलं नाही. पुढं शाळेत रक्तवाहिनी, मेंदू, डावा भाग, उजवा भाग, सगळं शिकून झालं, तरी वारं सुटलं की हात दाराकडं जायचा तो जायचाच. आज छप्पन्नाव्या वर्षीही फ्लॅटच्या गॅलरीचं दार तोच लावतो आणि शालनला वाटतं, त्याला धुळीची ॲलर्जी आहे.

आबांचं अंग जाणं फार मोठं नव्हतं. बोलणं गेलं ते मोठं होतं. धम्मदीक्षेच्या वेळी ऐन पंचविशीत असलेला माणूस, रात्रशाळेत अक्षर शिकलेला. विहाराच्या ओट्यावर बसून सगळ्या वस्तीला पेपर वाचून दाखवायचा. आवाज असा की विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायांना बातमी कळायची. वारं गेल्यावर त्यांच्यापाशी एकच शब्द उरला, ‘व्हय’. पाणी पाहिजे का, व्हय. नको का, व्हय. दुखतंय का, व्हय. न्हाय ना दुखत, व्हय. डोळे वेगळं सांगायचे, मान वेगळं सांगायची, घाम यायचा, पण तोंड म्हणायचं व्हय. आधी लोक समजून घ्यायचे, मग कंटाळले, मग त्यांना विचारायचंच सोडून दिलं. त्यांच्यासमोर त्यांच्याविषयी बोलायला लागले. अकरा वर्षं. आणि भानुदासनं एक केलं होतं, जे आठवलं की आजही त्याला बसल्या जागी चटका बसतो. घरी कुणी नसताना तो आबांच्या पुढ्यात उकिडवा बसायचा आणि विचारायचा, ‘आबा, मी पैलवान हाय का?’ व्हय. ‘आबा, मी राजा हाय का?’ व्हय. हसू यायचं. मग एकदा विचारलं, ‘आबा, तुमी येडं हाय का?’ आबांनी त्याच्याकडं बराच वेळ पाहिलं. ओठ आवळून धरले, गळ्याच्या शिरा तट्ट फुगल्या. दुसरा शब्द काढण्यासाठी ते आत कुठंतरी खोल उतरत होते, हे त्या वयातही त्याला दिसलं. शेवटी तोंड उघडलं आणि म्हणाले, ‘व्हय.’ त्यानंतर त्यानं तो खेळ खेळला नाही. पण ते पाहणं त्याच्याबरोबर राहिलं.

म्हणून मंगळवारपासून तो स्वतःला तपासत होता. आंघोळीला गेला की नळ सोडून तालुक्यांची नावं म्हणायचा, इंदापूर, दौंड, पुरंदर, भोर. शाळेत हजेरीपट उघडून मनातल्या मनात नव्हे तर ओठ हलवून नावं वाचायचा. साक्षीचा पुण्याहून संध्याकाळी फोन यायचा, ‘पप्पा, जेवलात का?’ तर ‘व्हय’ म्हणायचं तो टाळायचा. ‘जेवलो, गवारीची भाजी होती, आईनं भाकरी केली,’ असं लांबलचक उत्तर द्यायचा. साक्षी हसून म्हणाली, ‘आज एवढं बोलताय, काय झालंय?’ शब्द होते, सगळे होते. बोटं मात्र परत आली नव्हती. उजव्या हातानं सदऱ्याची गुंडी लावताना बघत बघत लावावी लागे. बुधवारी स्कॅनला जाऊ म्हणाला, मग गुरुवारी, मग परीक्षेचे अर्ज आले. गोळ्या तेवढ्या चोरून घेत होता. शालनला सांगायचं तर काय सांगायचं? सांगितलं की ते खरं होईल. सांगितलं की ती साक्षीला फोन करेल, साक्षी येईल, आणि दोघी स्वयंपाकघरात हळू आवाजात त्याच्याविषयी बोलतील. दार लावलेलं असलं की वारं आत येत नाही. इतकी वर्षं गेली तरी त्याला दुसरा उपाय सुचला नव्हता.

रविवारी सकाळी गोकुळचा फोन आला. ‘दादा, राती डुकरं मक्यात शिरली. दोन सऱ्या लोळवल्या. मी भिगवणला मेव्हण्याकडं आलोय, सांजच्याला येताना चिलापी मासे आणतो. तेवढी तार बघून या, मशीन टकटक करतंय पर करंट हाय का न्हाय काय कळंना.’ शालन म्हणाली, मीही येते, कणसं आणू. स्कूटर शालनची होती, पण दोघं बाहेर निघाली की चालवायचा तो, आणि ती मागं बसायची. वीस वर्षांची रीत. त्या दिवशी चावी घेताना त्याचा हात थांबला. ‘तू चालव’ एवढे दोनच शब्द होते. मग ती विचारेल, का? त्यानं चावी फिरवली. मोरगाव रस्त्याला लागल्यावर कळलं की आपण काय केलंय. रेसची मूठ उजव्या हातात, आणि ती किती पिळली हे हाताला कळत नव्हतं, इंजिनच्या आवाजावरून ओळखायचं. मागं शालन त्याच्या खांद्यावर हात ठेवून शाळेतल्या कुणा मुलाची गंमत सांगत होती. समोरून मुरमाचा डंपर आला. माळावरून आडवं वारं सुटलं आणि स्कूटर हातभर सरकली. ‘सावकाश की,’ शालन म्हणाली. आपण भितोय आणि भीतीपायी हिला मारायला निघालोय, असं त्याला स्पष्ट वाटलं, आणि तरीही लोणीचा फाटा येईपर्यंत तो थांबला नाही, कारण थांबलं की कारण सांगावं लागलं असतं.

रानात पोचल्यावर शालन कणसं बघायला मक्यात शिरली आणि तो तारेपाशी गेला. मका डोक्याएवढा झाला होता, पानं वाऱ्यानं एकमेकांवर घासत होती. पिवळं खोकं खांबावर टकटक करत होतं, सेकंदाला एक. पण टकटकीवर भरवसा नाही. तार मध्ये कुठं तुटली, ओल्या तणाला टेकली, तरी खोकं बिचारं टकटकत राहतं. खात्री करायची तर रानात एकच पद्धत आहे. हिरव्या गवताची लांब काडी घ्यायची, एक टोक बोटांत धरायचं, दुसरं तारेला लावायचं. काडीतून झटका येतो तो मुंगी चावल्यासारखा येतो. काडी हळूहळू पुढं सरकवली की वाढत जातो. पोरंसोरं यावर पैजा लावतात. भानुदासनं काडी तोडली आणि तारेला लावली. काही नाही. काडी पुढं सरकवली. टक, टक, टक. काही नाही. बंद आहे, तो मनात म्हणाला, आणि त्याला हायसं वाटलं; म्हणूनच डुकरं शिरली. मग त्याचं लक्ष बोटांकडं गेलं. काडी उजव्या हातात होती.

वारं चाललं होतं. तार बंद आहे की आपण बंद आहोत? काडी डाव्या हातात घ्यायची, एवढंच काम. डावा हात मोकळा होता, मांडीला लागून लोंबत होता, चांगला, शहाणा हात. तो सांगेल. आणि त्यानं सांगितलं की काही शिल्लक राहणार नाही. भानुदास तसाच उभा राहिला. त्यानं काडी अजून पुढं सरकवली, बोटं तारेपासून वितीवर आली, मग चार बोटांवर. टक. काही नाही. त्याला आबा आठवले, ओठ आवळलेले, आत उतरलेले. ते काय शोधत होते ते आपल्याला माहीत होतं, आणि आपण उकिडवे बसून वाट बघत होतो. इतकं भ्यायला त्याला कधी झालं नव्हतं. डावा हात जागचा हलला नाही.

‘बंद पडलंय व्हय?’ मागून शालनचा आवाज आला. ओच्यात चार कणसं धरून ती आली होती. त्यानं काडी खाली केली. ‘आवाज तर येतोय,’ ती म्हणाली. ‘तिकडं ओढ्याच्या अंगाला माती वाहून गेलीया. तारंखालनं ढोर जाईल एवढी वाट झालीया. डुकरं तितनंच शिरली असणार. तारंला काय झालं न्हाय.’ बोलता बोलता तिनं कणसं बांधावर ठेवली, वाकून एक काडी तोडली. तिला थांबवायला वेळ होता. ‘राहू दे, मी बघतो,’ असं म्हणता आलं असतं. त्याला कळत होतं की आपण तिला आपल्या जागी पुढं केलंय. तिनं विश्वासानं हात पुढं केला, काडी तारेला लावली आणि खोकं टकटकलं.

‘आई गं,’ शालन म्हणाली आणि काडी टाकून हात झटकला. मग हसायला लागली. दुसऱ्या हातानं बोटं चोळत, शाळेतल्या मुलीसारखी. ‘लई जोरात मारतंय की ओ. पार कोपरापतूर गेलं.’ ती हसत होती आणि भानुदास तिच्याकडं बघत होता. तार चालू होती. मागं मका हलत होता, माळावरून वारं येत होतं आणि ते आता अडवता येणार नव्हतं. ‘तुमालाबी असाच बसला?’ तिनं हसत विचारलं. ‘मगाधरनं काडी धरून उभा हाय तुमी. बसला न्हवं?’

उत्तर तोंडाशी तयार होतं. व्हय. एवढं म्हटलं की कणसं उचलायची, स्कूटरला चावी लावायची. सगळ्यात सोपा शब्द तोच होता. आबांनी घरात तोच मागं ठेवलेला होता. भानुदासनं ओठ आवळले. आत उतरावं लागलं. पेन सुटलं ती सकाळ, डब्याच्या पिशवीतली चिठ्ठी, गोणपाटावरचा दगड, सगळं बाजूला सारत तो खाली गेला. जो शब्द आबांना अकरा वर्षं सापडला नाही तो आपल्यालाही सापडणार नाही, असं त्याला वाटत होतं. शालनचं हसू कमी होत गेलं.

‘न्हाय,’ भानुदास म्हणाला.

आवाज फाटला होता, पण शब्द नीट आला. तो पुन्हा म्हणाला, ‘न्हाय, शालन. मला न्हाय बसला. हा हात गेलाय माझा. मंगळवारपासनं. डॉक्टर म्हणाल्या झटका येऊन गेलाय, मी तुला सांगितलं न्हाय. चिठ्ठी डब्याच्या पिशवीत हाय.’

शालननं त्याचा उजवा हात उचलला, उलटा केला आणि एकेक बोट दाबून पाहिलं. ‘हे कळतंय?’ ‘न्हाय.’ ‘हे?’ ‘न्हाय.’ तिनं रस्त्याकडं पाहिलं, जिथून तो तिला मागं बसवून घेऊन आला होता, आणि तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. कणसं तिथंच बांधावर राहिली.

‘चावी द्या,’ ती म्हणाली.

चावी उजव्या खिशात होती. त्यानं डावा हात आडवा घालून ती काढली आणि तिच्या हातात दिली.